जुना खेळ चालू करणे हा टाइमपास नाही

यंदाच्या प्रदर्शनात आमच्या संगणक क्लबचे टेबल नाही. आम्ही जे मांडणार होतो त्याचे नाव 'डूम' आहे आणि डूम हा बंदुकीचा खेळ आहे. "शाळेत गेम नको," एवढा शेरा मारून अर्ज परत आला. निर्णय झाला आणि आम्ही तो मानला. शिस्त ती शिस्त. पण या पानावर मत मांडायची मोकळीक असते, म्हणून मांडतो. माझे म्हणणे असे की, जुना खेळ खेळणे आणि जुना खेळ नव्या संगणकावर चालू करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला खुशाल टाइमपास म्हणा. दुसरीला म्हणू नका.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. डूम १० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने काढला. खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसणारे दृश्य, समोर बंदूक, आणि पुढे खोल्या व बोळांचे जाळे. या प्रकाराचे शेकडो खेळ पुढे निघाले, पण पाया डूमने घातला. तो ३८६ प्रोसेसर आणि फक्त ४ एमबी रॅमवर चालायचा. पडदा ३२० बाय २०० ठिपक्यांचा, रंग २५६. पहिला भाग, म्हणजे नऊ लेव्हल, कंपनीने फुकट वाटायला दिला होता आणि तुम्हीही मित्रांना द्या असे सांगितले होते. बाकीचे भाग विकत. आम्ही वापरला तो हा फुकटचा भाग, त्यामुळे चोरीचा माल वापरला असे कोणी म्हणू शकत नाही.

आपल्या घरांत डूमपेक्षा 'आयजीआय' हे नाव जास्त माहीत आहे. सन २००० मध्ये आलेला हा खेळ नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने केला होता. साताऱ्याचा असो, कोल्हापूरचा असो की बेळगावचा, ज्याला मोठा दादा किंवा मामा आहे त्याने सायबर कॅफेतली आयजीआयची गोष्ट ऐकलेली असते. चौदा मोहिमा, आणि मोहिमेच्या मध्ये खेळ सेव्ह करता येत नाही. शेवटच्या मिनिटाला मेलात की पुन्हा पहिल्यापासून. पण तीच सीडी आज कपाटातून काढून नव्या लॅपटॉपवर घालायची म्हटली तर आधी लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. खाच मिळाली तरी पुढे काय होईल याची खात्री नाही. सीडी तीच, खेळ तोच, मग अडते कुठे? आमच्या क्लबचे काम या प्रश्नापासून सुरू झाले.

पहिले कारण असे की, जुने खेळ यंत्राशी थेट बोलायचे. डॉसच्या काळात खेळ स्वतः पडद्याच्या मेमरीत ठिपके लिहायचा आणि साउंड ब्लास्टर कार्डाला स्वतः हुकूम द्यायचा. आजचा संगणक असे करू देत नाही. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम उभी असते, गेटवरच्या संतरीसारखी. पास दाखवा, मग आत जा. ते योग्यच आहे, नाहीतर कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मेमरीत घुसेल. पण १९९३ च्या प्रोग्रॅमजवळ हा पास नसतो. डूमची मूळ फाइल ६४ बिटच्या विंडोजवर डबल क्लिक केली की हा प्रोग्रॅम या पीसीवर चालणार नाही असा संदेश येतो आणि विषय संपतो.

दुसरे कारण बिटचे. ६४ बिटचे विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही. नव्वदच्या दशकातले बरेच खेळ स्वतः ३२ बिटचे होते, पण त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटचा होता. म्हणजे घर शाबूत आहे, फक्त दार उघडत नाही. तिसरे कारण कुलपाचे. सीडीची नक्कल होऊ नये म्हणून अनेक कंपन्या सेफडिस्क नावाचे संरक्षण वापरायच्या. ते विंडोजच्या खोल भागात एक ड्रायव्हर बसवायचे. तो धोकादायक ठरला आणि विंडोज १० मध्ये तो नाही. परिणाम असा की, ज्याने पैसे मोजून अस्सल सीडी घेतली त्याचीच सीडी चालत नाही. कुलूप करणारा गेला, किल्ली घेऊन गेला आणि घराचा मालक बाहेर उभा. चौथे कारण ग्राफिक्सचे. एकेकाळी थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड सगळ्यांत भारी समजले जायचे आणि कित्येक खेळ त्याच्या 'ग्लाइड' भाषेत लिहिले गेले. डिसेंबर २००० मध्ये ती कंपनी आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायला निघाली. कंपनी संपली, भाषा बोलणारे कार्ड संपले, खेळ उरले.

यावर उपाय तीन. ते समजून घेतले की लक्षात येईल की हे काम वर्गातल्या धड्यापेक्षा कमी नाही.

पहिला उपाय म्हणजे नकली संगणक उभा करणे. डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम आपल्या नव्या संगणकाच्या आत एक अख्खा जुना संगणक उभा करतो. जुना प्रोसेसर, जुने साउंड कार्ड, जुना पडदा, सगळे सॉफ्टवेअरमध्ये. खेळाला वाटते आपण १९९३ मध्येच आहोत. यात वेग आपल्याला ठरवावा लागतो. वेग कमी ठेवला तर खेळ रांगतो. काही जुने खेळ तर प्रोसेसर जितका पळेल तितके पळायचे, म्हणून त्या काळच्या संगणकावर वेग कमी-जास्त करायला टर्बोचे बटण असायचे. डूम मात्र स्वतःचे घड्याळ पाळतो, सेकंदाला ३५ ठोके. म्हणून तो कितीही वेगवान यंत्रावर बेफाम पळत नाही. चांगल्या कवायतीसारखे आहे हे. पथक कितीही उत्साही असो, पाऊल ड्रमच्या ठोक्यावरच पडले पाहिजे.

दुसरा उपाय म्हणजे दुभाष्या बसवणे. खेळ ग्लाइडमध्ये किंवा जुन्या डायरेक्टएक्समध्ये बोलतो, नवे कार्ड नवीच भाषा समजते. डीजीव्हूडूसारखा प्रोग्रॅम मध्ये बसून प्रत्येक वाक्याचे भाषांतर करतो. विंडोजवरच्या जुन्या खेळांना बहुधा याचाच उपयोग होतो.

तिसरा उपाय सगळ्यांत चांगला, पण तो आपल्या हातात नसतो. मूळ लेखकाने सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, खुला केला तर खेळ नव्या यंत्रासाठी नव्याने बांधता येतो. इड सॉफ्टवेअरचे जॉन कारमॅक यांनी २३ डिसेंबर १९९७ रोजी डूमचा सोर्स कोड लोकांसाठी खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला. यातही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. खुला झाला तो डॉसचा नाही, तर लिनक्सचा कोड. कारण डॉसच्या डूममधला आवाजाचा भाग दुसऱ्या माणसाचा होता आणि कंपनीला तो वाटायचा हक्क नव्हता. म्हणजे आपल्या वस्तूतला एक भाग जरी उसना असला तरी ती वस्तू पूर्णपणे आपली राहत नाही.

आम्ही दोन्ही वाटा करून पाहिल्या. डॉसबॉक्सवर खेळ एका हॉबी पिरियडमध्ये चालू झाला. सोर्स कोडला मात्र चार रविवार लागले. मूळ कोड जसाच्या तसा ६४ बिटच्या यंत्रावर नीट चालत नाही. त्या काळी मेमरीतला पत्ता ४ बाइटचा होता, आज तो ८ बाइटचा आहे. कोडमध्ये काही ठिकाणी पत्ता ४ बाइटच्या खणात कोंबलेला आहे. अर्धा पत्ता लिहून पत्र टाकले तर ते कुठे पोहोचणार? तसाच प्रोग्रॅम भलतीकडे जाऊन कोसळतो. शिवाय त्या कोडला २५६ रंगांचाच पडदा हवा असतो, तसे पडदे आज नाहीत. मग आम्ही चॉकलेट डूम घेतला. जगभरच्या लोकांनी मिळून दुरुस्त केलेले हे रूप आहे. त्यात नवी सजावट जवळजवळ काही नाही, मूळ खेळातल्या चुकासुद्धा जपून ठेवल्या आहेत. तो सोर्सपासून बांधताना कोणती लायब्ररी नाही, कोणती आवृत्ती जुळत नाही, हे एकेक वाचत काढावे लागले. कंपायलरचा संदेश इंग्रजीत आणि लांबलचक असतो. सुरुवातीला सगळेजण शेवटची ओळ वाचायचे. खरी चूक बहुतेक वेळा पहिल्या ओळीत असते हे आम्हाला तिसऱ्या रविवारी कळले.

आता मला सांगा, यात खेळणे किती झाले? चार रविवारांत मिळून प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटे आली असतील.

आणि कोड वाचताना जे सापडले ते पाठ्यपुस्तकात एवढ्या जिवंतपणे सापडत नाही. ३८६ प्रोसेसरला दशांश अपूर्णांकांची गणिते करणारा वेगळा भाग नसायचा. म्हणून डूमने प्रत्येक संख्येचे ३२ बिट दोन भागांत वाटले, १६ पूर्णांकाला आणि १६ अपूर्णांकाला. रुपये आणि पैसे वेगळे न लिहिता सगळा हिशोब पैशांतच करावा, तसे. नंतर, कोणती भिंत पुढे आणि कोणती मागे हे झटकन ठरवायला नकाशाचे पुन्हा पुन्हा दोन तुकडे करून त्याचे झाड बनवले आहे. या कल्पनेचे मूळ १९६९ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या सिम्युलेटरसाठी झालेल्या अभ्यासात आहे. १९८० मध्ये फुक्स, केडेम आणि नेलर या तिघांनी तिला आजचे रूप दिले. म्हणजे वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी निघालेली कल्पना खेळात आली. पुढे तर खेळच सैन्यात गेला. १९९६ मध्ये अमेरिकेच्या मरीन कोअरने डूम २ मध्ये बदल करून 'मरीन डूम' बनवला. राक्षस काढले, सैनिक घातले, आणि चार जणांच्या फायर टीमने एकमेकांना कव्हर देत पुढे कसे जायचे, गोळ्या जपून कशा वापरायच्या, याचा सराव केला. हे जमले कारण डूममध्ये खेळाचे इंजिन वेगळे आहे आणि चित्रे, आवाज, नकाशे 'वॅड' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये आहेत. इंजिनाला हात न लावता आतला माल बदलता येतो.

आता विरोधी मुद्दे. ते खोटे नाहीत, म्हणून टाळणार नाही.

पहिला मुद्दा हिंसेचा. डूममध्ये रक्त आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, तेव्हा या खेळावर मोठी टीका झाली. आपल्या शाळेत सहावीची लहान मुले आहेत आणि प्रदर्शनाला पालकही येतात. त्यांच्यासमोर रक्त नको हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यावर उपाय आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत चेक्स नावाच्या नाश्त्याच्या डब्यातून 'चेक्स क्वेस्ट' हा मुलांसाठीचा खेळ वाटला गेला. इंजिन डूमचेच, पण त्यात कोणी मरत नाही. चिकट हिरव्या प्राण्यांना त्यांच्या जगात परत पाठवायचे असते, एवढेच. चॉकलेट डूमवर तो चालतो. आम्ही तो मांडायला तयार आहोत. नाहीतर टॅबचे बटण दाबून फक्त रेषांचा नकाशा दाखवू, त्यात बंदूकही दिसत नाही. आम्हाला गोळीबार दाखवायचा नव्हताच. बंद पडलेली वस्तू चालू झाली हे दाखवायचे होते.

दुसरा मुद्दा असा की, आपण खरी रायफल हाताळतो, मग खोटी बंदूक कशाला? अगदी खरे. पॉइंट टू टू रायफलने फायरिंग केलेल्या कोणाही कॅडेटला माहीत आहे की श्वास रोखणे आणि ट्रिगर हळूच दाबणे हे माउसने येत नाही. डूममध्ये तर वर-खाली नेमच धरता येत नाही. शत्रू माडीवर असला तरी समोर बंदूक धरली की गोळी आपोआप वर जाते. असे आपल्या फायरिंग रेंजवर झाले असते तर सगळेच मार्क्समन झाले असते. डूम नेमबाजी शिकवतो असा माझा दावा अजिबात नाही. माझा दावा दुरुस्तीचा आहे.

तिसरा मुद्दा अभ्यासाचा. दहावीचे वर्ष आहे. पण हॉबी पिरियड आणि रविवारची दुपार दिलीच आहे ती छंदासाठी. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी एरोमॉडेलिंग करतो. आमचा छंद हा आहे. शिवाय ज्या शहरात आपण राहतो तिथे हा नुसता छंद नाही. राजेश राव यांनी १९९७ मध्ये बंगळूरमध्ये ध्रुव इंटरॅक्टिव्ह सुरू केली, ती भारतातल्या अगदी सुरुवातीच्या गेम कंपन्यांपैकी एक. २०१९ मध्ये जगप्रसिद्ध रॉकस्टार गेम्सने ती विकत घेतली. २६ जानेवारी २०२१ रोजी आलेला 'फौजी' हा खेळ बंगळूरच्याच एनकोअर गेम्सचा. गेटच्या बाहेर लोक ज्याच्यावर पोट भरतात ते गेटच्या आत निव्वळ टाइमपास कसे ठरते?

माझा मुख्य मुद्दा मात्र खेळाच्या पलीकडचा आहे. वस्तू जपणे म्हणजे काय, हा तो मुद्दा.

आपल्या सैन्याला हे चांगले माहीत आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डकोटा विमानांनी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान श्रीनगरला उतरवले आणि काश्मीर वाचले. त्या आठवणीसाठी हवाई दलाकडे आज 'परशुराम' नावाचे डकोटा आहे, शेपटीवर क्रमांक व्हीपी ९०५. हे जुने विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त झाले आणि २०१८ मध्ये उडत भारतात आले. त्याला काचेमागे ठेवता आले असते. पण हवाई दलाने ते उडते ठेवले. याउलट १९७१ च्या युद्धातली आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि शेवटी २०१४ मध्ये मुंबईच्याच दारूखान्यात तिचे तुकडे व्हायला लागले. आज तिचे फोटो आहेत, पण तिच्या डेकवर पाय ठेवता येत नाही. एका वस्तूला चालू ठेवणारी माणसे मिळाली, दुसरीला मिळाली नाहीत.

सॉफ्टवेअरचे तर याहून अवघड आहे. विमान गंजते तेव्हा दिसते. सॉफ्टवेअर गंजत नाही. त्याचा एकही बिट बदलत नाही, आणि तरी ते मरते, कारण त्याच्या भोवतीचे जग बदलते. सप्टेंबर २०२० मध्ये भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हर आपल्यासाठी बंद झाले. बंदी योग्य होती की नाही हा इथला विषय नाही, देशाच्या सुरक्षेपुढे खेळ काहीच नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, करोडो मुलांच्या फोनमध्ये असलेली वस्तू एका दिवसात दगड होऊ शकते, कारण तिचा जीव फोनमध्ये नसतो, दूरच्या सर्व्हरमध्ये असतो. १९९३ चा डूम मात्र आज आमच्या लॅबमध्ये चालतो, कारण त्याचा सोर्स लोकांच्या हातात आहे.

कोणी म्हणेल, थांबा, कॉपीराइट संपला की सगळे खुले होईल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला जातो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याला संरक्षण मिळते. पुस्तक ६० वर्षांनी वाचता येते. पण दोन हजार साली लिहिलेला प्रोग्रॅम तेव्हा चालवायला यंत्र कुठून आणणार? म्हणून माझे मत आहे की, कंपन्यांनी विक्री थांबवल्यावर ठरावीक वर्षांत सोर्स कोड खुला करावा. चित्रे आणि गोष्ट त्यांच्या मालकीची राहू दे. डूममध्ये तसेच झाले आहे. इंजिन मोफत आहे आणि मूळ खेळाचे पूर्ण भाग अजूनही विकले जातात. देणाऱ्याचे नुकसान झाले नाही, उलट खेळ जिवंत राहिला म्हणून गिऱ्हाईक मिळते.

आता या पानाची गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मासिकाच्या जुन्या अंकांच्या काही सीडी ग्रंथालयात आहेत. इंग्रजी पाने बहुतेक उघडतात. मराठी पान उघडले की पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे आणि खुणांची खिचडी येते. कारण ते मजकूर अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केले आहेत, ज्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असायचे. संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नव्हतीच. मराठीचा नुसता वेश होता. फॉन्ट हरवला, वेश उतरला. आजच्या युनिकोडमध्ये तसे नाही. 'क' चा क्रमांक २३२५ म्हणजे जगातल्या प्रत्येक यंत्रावर 'क'.

ते पान वाचवले कोणी? डूम चालू करणाऱ्याच पोरांनी, आणि युक्तीही तीच, दुभाष्या. कोणत्या खुणेच्या जागी कोणते अक्षर याचा तक्ता केला आणि पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहिली वेलांटी फार छळते. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, कारण दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण उच्चार नंतर होतो. जोडाक्षर आले की आणखी गोंधळ, 'स्थिती' लिहिताना वेलांटी कोणाला ओलांडून किती पुढे न्यायची ते प्रोग्रॅमला शिकवावे लागते. हे जमल्यावर आम्हाला १९९९ च्या अंकातला एका दहावीतल्या कॅडेटचा लेख वाचता आला. कारगिलच्या लढाईच्या दिवसांत घरून पत्र यायला उशीर झाला की मेसमध्ये मराठी मुले काय बोलायची, हे त्याने लिहिले होते. पंचवीसहून जास्त वर्षे तो लेख सीडीत होता, पण कोणाला वाचता येत नव्हता. डूमसाठी घालवलेले चार रविवार वाया गेले असे ज्यांना वाटते त्यांनी तो लेख वाचावा. छापील प्रत मी ग्रंथालयात ठेवली आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, पुढच्या वर्षी प्रदर्शनात 'बंद पडलेले चालू करा' असा विभाग ठेवावा. त्यात रेडिओ, सायकल, घड्याळ आणि सॉफ्टवेअर, सगळे चालेल. खेळ असेल तर रक्ताशिवायचा आणि कायदेशीर, ही अट आम्ही स्वतःहून मान्य करतो. दोन, लॅबमधले जुने संगणक कंडम होऊन एस. पी. रोडच्या भंगारात जातील, तेव्हा त्यांतला एक चालू स्थितीत क्लबला द्यावा. जुन्या सीडी आणि फ्लॉपी वाचायला जुने यंत्रच लागते. तीन, मासिकाच्या सगळ्या जुन्या मराठी पानांचे युनिकोड करण्याचे काम आमच्याकडे द्यावे. दर रविवारी एक अंक, असा आमचा वेग आहे.

आणि या पानाच्या वाचकांना, विशेषतः आमच्या मोठ्या माजी कॅडेट दादांना एक सांगणे. तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या पाकिटात मासिकाची एखादी सीडी किंवा फ्लॉपी असेल. खेळाची असली तरी हरकत नाही. या सुट्टीत ती काढून बघा. उघडत नसेल तर टाकून देऊ नका, संगणक क्लबच्या नावाने शाळेच्या पत्त्यावर पाठवा. आम्ही चालू करून परत पाठवू.